पंख्याची दोरी

वैशाख महिन्यांत मुंबईच्या रस्त्यानें घामाघूम होऊन आलेला मनुष्य कचेरीच्या दारांतून आंत शिरतो, आपल्या मेजाशीं जातो, खण उघडतो आणि त्यांतून लोकरीचा स्वेटर काढून अंगांत घालतो, हा प्रकार आतां इतका नित्याचा झाला आहे कीं त्यांत कांहीं नवल आहे असें कोणासही वाटत नाहीं. बाहेर ३५ अंशांचा उन्हाळा, आंत २२ अंशांचा हिंवाळा, आणि दोहोंच्या मध्यें बोटाएवढीही जाड नसलेली कांच! मनुष्य उन्हाळ्यापासून पळाला हें ठीक झालें. परंतु पळतां पळतां तो हिंवाळ्यांत जाऊन पडला, आणि तेथेंही त्याला सुख लाभलें नाहीं. एका दालनांत चार माणसें बसलेलीं असावींत, त्यांतील दोघांना थंडी वाजत असावी, एकाला उकडत असावें आणि चौथा ह्या तिघांचें भांडण सोडवीत असावा, हें आमच्या कचेऱ्यांचें चित्र आहे. २०१५ सालीं नेदरलंडमधील दोन संशोधकांनीं असें दाखवून दिलें कीं, कचेऱ्यांतील उष्णतामानाचे नियम ज्या जुन्या हिशेबावर बसविले आहेत त्यांत मध्यम वयाचा, ७० किलो वजनाचा पुरुष गृहीत धरलेला आहे. बसून काम करणाऱ्या स्त्रियांच्या शरीरांत उत्पन्न होणारी उष्णता त्या हिशेबाहून पुष्कळच कमी असते. आमच्या कचेरींतील भगिनीवर्गाला हें कळण्यासाठीं संशोधकांची वाट पाहावी लागली नव्हती; त्यांच्या खांद्यांवरील शाली तेंच सांगत होत्या.

गारव्याची हौस मात्र आजची नव्हे. आमच्या वाडवडिलांनीं जाड भिंतींचे वाडे बांधले, मध्यें चौक सोडले, दारांवर वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडलें, आणि माठाच्या अंगांतून पाझरणाऱ्या ओलाव्यावर पिण्याचें पाणी निववून घेतलें. ह्या सर्व युक्त्यांत एक गोष्ट समान होती. गारवा मिळवावयाचा तर कोणीतरी हात हलविले पाहिजेत, हें सर्वांना दिसत होतें. इंग्रजी अमदानींतील कचेऱ्यांत छताला झालरीचा लांबरुंद पंखा टांगलेला असे. त्याची दोरी भिंतीच्या भोंकांतून बाहेर पडवींत जाई, आणि तेथें बसलेला पंखेवाला ती दिवसभर ओढी. आंत वारा खाणाऱ्या साहेबाला तो दिसत नसे. परंतु त्याला डुलकी लागली कीं वारा थांबे, आणि आपला गारवा दुसऱ्याच्या दंडांतून येत आहे ह्याची आठवण साहेबाला आपोआप होई. ह्या दोरीकडे वाचकांनीं लक्ष ठेवावें; पुढें आम्हांस तिचें काम पडणार आहे.

पुढें गारवा बाजारांत विकत मिळूं लागला. १८३३ सालीं बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर ह्या व्यापाऱ्यानें 'टस्कनी' नांवाच्या जहाजांतून तिकडील तळ्यांत गोठलेलें बर्फ कलकत्त्यास धाडलें. निघतांना सुमारें १८० टन बर्फ होतें. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यांतील १०० टनांच्या आसपास शिल्लक उरलें होतें, आणि तरीही व्यापार चालला. मुंबईकरांनींही लवकरच हें परदेशी बर्फ चाखलें. जमशेटजी जिजीभाईंनीं एका मेजवानींत आइस्क्रीम वाढलें आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली, अशी आख्यायिका आहे. तें बर्फ गेलें, पण जातांना आपलें माप मागें ठेवून गेलें. थंड हवेचें यंत्र केवढें हें सांगतांना आपण 'टन' म्हणतों, तो यंत्राच्या वजनाचा नव्हे. एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो, बर्फ चोवीस तासांत वितळण्यास जेवढी उष्णता लागते तेवढी उष्णता ओढून घेण्याची ती शक्ति होय. ज्याच्या घरांत दीड टनाचें यंत्र रात्रंदिवस चालतें त्याच्या दारांत, हिशेबानें पाहतां, रोज दीड टन बर्फाची गाडी रिकामी होत असते.

हें यंत्र मुळांत माणसासाठीं जन्मास आलेंच नव्हतें, ही गोष्ट मासिकाच्या वाचकांना विशेष रुचेल. १९०२ सालीं न्यूयॉर्कांतील ब्रुकलिन येथील एका रंगीत छपाईच्या कारखान्यांत उन्हाळ्याच्या दमट हवेनें कागद फुगत असे व आखडत असे, आणि एकावर एक छापावयाचे रंग जागच्या जागीं बसत नसत. विलिस कॅरियर ह्या तरुण इंजिनियरानें हवेंतील ओलावा ताब्यांत ठेवण्याची योजना आंखली ती ह्या अडचणीवर. कागदाला जें सुख मिळालें तें आपणांस कां मिळूं नये, असें माणसाला वाटणें साहजिकच होतें. १९३३ सालीं उघडलेल्या मुंबईच्या रीगल चित्रपटगृहांत पडद्यावरील चित्राइतकेंच तेथील थंड हवेचेंही आकर्षण होतें. त्यानंतर गारवा ही चैन राहिली नाहीं. ती प्रथम प्रतिष्ठा झाली, मग संवय झाली, आणि आतां गरज झाली आहे.

आमची कचेरी ज्या इमारतींत आहे ती नरीमन पॉइंटच्या भरावावर १९७० नंतरच्या दशकांत उभ्या राहिलेल्या इमारतींपैकीं एक आहे. समुद्र समोर आहे. परंतु त्याचा वारा आंत येऊं नये अशीच व्यवस्था बांधणारांनीं केली आहे. पश्चिमेची सारी भिंत कांचेची, आणि त्या कांचेंतील बहुतेक तावदानें न उघडणारीं. तळमजल्याच्या मागील अंगास यंत्रशाळा आहे. तेथें दोन प्रचंड यंत्रें जवळजवळ अर्धें शतक घरघरत होतीं, आणि त्यांच्या सेवेंत ज्यांचे केस पांढरे झाले त्या वृद्ध यंत्रचालकांस सारी इमारत 'मामा' म्हणून ओळखते. यंत्रें थंडी उत्पन्न करतात असा आमचा, आणि आम्हांस वाटतें पुष्कळ वाचकांचाही, समज असतो. तो मामांनीं प्रथम खोडून काढला. यंत्र थंडी करीत नाहीं. तें उष्णतेचा हमाल आहे. सुमारें ७ अंशांपर्यंत थंड केलेलें पाणी नळांतून मजल्यामजल्यावर जातें, तेथील हवेची उष्णता पाठीवर घेऊन १२ अंशांच्या आसपास परत येतें. यंत्र ती उष्णता दुसऱ्या पाण्याच्या स्वाधीन करतें, आणि तें दुसरें पाणी गच्चीवरच्या मनोऱ्यांत जाऊन, माठांतील पाण्याप्रमाणेंच थोडें थोडें वाफ होऊन, ती उष्णता मुंबईच्या आकाशांत सोडून देतें. तेव्हां खर्च थंडीचा नसतो, हमालीचा असतो. आणि हमाली किती पडावी हें हमालावर जितकें अवलंबून असतें त्याहून अधिक ओझ्यावर अवलंबून असतें.

हमाल आतां थकले होते ह्यांत संशय नाहीं. त्या पिढीचीं यंत्रें एका टनामागें तासाला एक यूनिट किंवा त्याहूनही अधिक वीज खात. आजचीं चांगलीं मोठीं यंत्रें तेंच काम ०.६ यूनिटाच्या आसपास करतात. त्यांच्या पोटांतील वायु क्लोरोफ्ल्युओरोकार्बन जातीचा; तो आकाशांतील ओझोनचा थर खातो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानें त्याला हद्दपार करण्याचें ठरविलें, आणि औषधी फवाऱ्यांसारखे थोडे अपवाद सोडले तर भारतानें २०१० च्या आरंभापासून त्याचा वापर बंद केला. म्हणजे आमचीं यंत्रें मोडींतून काढून शुद्ध केलेल्या वायूवर दिवस कंठीत होतीं. खाऱ्या हवेनें पत्रे कुरतडले होते, नळ्यांच्या आंत क्षाराचें कीट बसलें होतें. नवीं यंत्रें घ्यावयाचीं, एवढें सर्वांस मान्य होतें. प्रश्न केवढीं घ्यावयाचीं हा होता.

गाळेधारकांची सभा भरली, तींत एका विक्रेत्याचा प्रस्ताव आला. त्याचा सारांश असा कीं, लोक उकाड्याची तक्रार करतात, त्या अर्थीं जुनीं यंत्रें लहान पडत आहेत. त्याहून मोठीं घ्या. हा तर्क ऐकावयास इतका सरळ होता कीं पुष्कळांनीं माना डोलाविल्या. खर्चाचा आंकडा मात्र असा होता कीं इमारतींतील राखीव निधि संपून वर प्रत्येकाला मोठी वर्गणी द्यावी लागली असती. मोठ्या कंपन्यांना ती जड नव्हती. परंतु ह्याच इमारतींत वडिलोपार्जित दोन खोल्यांत वकिली करणारे गृहस्थ आहेत, लहान प्रकाशक आहेत, दोन मुलींच्या बळावर भाषांतराचा व्यवसाय चालविणाऱ्या एक विधवा बाई आहेत. त्यांच्या बाबतींत हा प्रश्न गारव्याचा नव्हता. ह्या जागेंत राहतां येईल कीं नाहीं, हा होता.

सभेनंतर आम्ही मामांना गांठलें. "मामा, यंत्रें खरोखरीच लहान पडतात काय?" असें विचारतांच ते हंसले आणि म्हणाले, "साहेब, दुसरें यंत्र पुऱ्या ताकदीनें चालवायची पाळी वर्षांतून किती वेळां येते तें माझ्या वहींत पाहा. यंत्राला बोल लावूं नका. चार वाजतां पश्चिमेच्या कांचेजवळ जाऊन उभे राहा. पखाल फुटकी असल्यावर भिस्त्यानें किती पाणी वाहायचें?"

ती वही आम्हीं पाहिली. तासातासाचें उष्णतामान, दाब आणि विजेचा भार त्यांनीं वर्षानुवर्षें सुवाच्य अक्षरांत टिपून ठेवला होता, आणि त्या वह्या आजवर कोणीही उघडल्या नव्हत्या. मग एका ऊर्जातपासनिसाला बोलावून आम्ही त्याच्याबरोबर मजले पालथे घातले. चार वाजतां कांचेला हात लावला तो चटका बसला. छताखालच्या पत्र्याच्या बोगद्यांचे सांधे उसवलेले, त्यांतून थंड हवा कोणीही बसत नाहीं अशा पोकळींत जात होती. थंड पाण्याच्या नळांवरचें आवरण जागोजाग गळून पडलें होतें. जुन्या दिव्यांची उष्णता वरून, संगणकांची खालून. एका मजल्यावर उष्णता मोजणारें उपकरण नेमकें झेरॉक्सच्या यंत्राच्या डोक्यावर बसविलें होतें. त्यामुळें एक प्रत छापली कीं त्याला वाटे, साऱ्या कचेरीला ताप चढला, आणि तें अधिक थंड हवेची हांक मारी. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, ही म्हण आम्हीं लहानपणापासून ऐकली होती. ती पत्र्याच्या नळांतून वाहतांना तेथें प्रथम पाहिली.

ह्या कामीं न्यूयॉर्कच्या एंपायर स्टेट बिल्डिंगचें उदाहरण आमच्या फार उपयोगीं पडलें. १९३१ सालीं बांधलेल्या ह्या १०२ मजली इमारतीच्या जीर्णोद्धाराची योजना २००९ सालीं जाहीर झाली. तेथेंही थंड पाण्याचीं यंत्रें जुनीं झालीं होतीं आणि तीं बदलून अधिक मोठीं बसवावींत असा विचार चालला होता. परंतु योजकांनीं क्रम उलटा केला. प्रथम त्यांनीं इमारतीच्या ६,५१४ खिडक्यांकडे लक्ष दिलें. जुनी कांच फेकून न देतां ती इमारतींतल्याच एका मजल्यावर उघडलेल्या कारखान्यांत नेली, दोन तावदानांमध्यें एक पातळ पडदा ताणला, पोकळींत उष्णता न वाहणारे वायु भरले आणि तीं पुन्हां बसविलीं. दिवे बदलले, हवेचें नियंत्रण सुधारलें. तेवढ्यानें थंडाव्याची गरज सुमारें १,६०० टनांनीं उतरली. म्हणून जुन्या यंत्रांचीं कवचें तशींच ठेवून आंतील भाग नवे केले तरी भागलें, आणि मोठ्या यंत्रांवर होणारा एक कोटि सत्तर लाख डॉलरांच्या घरांतील खर्च वांचला. सर्व उपाय मिळून ऊर्जेचा खर्च सुमारें ३८ टक्क्यांनीं कमी होईल असा अंदाज होता. आमची इमारत त्या इमारतीच्या पायरीशींही शोभणार नाहीं. परंतु शहाणपणाला उंची लागत नाहीं. आधीं ओझें हलकें करावें, मग हमाल शोधावा, एवढाच त्या साऱ्या योजनेचा अर्थ होता.

दुसऱ्या सभेंत आम्हीं हाच क्रम मांडला. पहिल्या वर्षीं कांचेवर उष्णता परतविणारा पडदा आणि बाहेरून छज्जे, बोगद्यांचे सांधे, नळांचीं आवरणें, दिवे; दुसऱ्या वर्षीं, उरलेली गरज मोजून, पूर्वीहून लहान यंत्रें. जोडीला पंप व पंखे ह्यांचा वेग गरजेप्रमाणें कमीजास्त करणारीं साधनें. ह्या शेवटल्या गोष्टीचें गणित सभेंतील एका निवृत्त शिक्षकांना इतकें आवडलें कीं त्यांनीं तें उठून फळ्यावर लिहून दाखविलें. पंख्याला लागणारी शक्ति त्याच्या वेगाच्या घनाप्रमाणें बदलते. म्हणून वेग ८० टक्के केला कीं शक्ति ०.८ चा घन, म्हणजे सुमारें ५१ टक्के, पुरते. पांचवा हिस्सा घाई सोडली तर अर्धा खर्च वांचतो! हा नियम केवळ पंख्यांस लागू आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

विरोध झाला, आणि तो मूर्खपणाचा नव्हता. ज्यांचे गाळे भाड्यानें दिलेले होते ते मालक म्हणाले, "पैसे आम्हीं घालावयाचे आणि विजेचें बिल भाडेकऱ्याचें कमी व्हावयाचें, हा कोणता न्याय?" दुसरी अडचण अशी कीं, थंडाव्याचा खर्च सर्वांवर क्षेत्रफळाच्या मानानें वांटला जाई. जो पडदे ओढून दारें लावून बसे त्यालाही तेवढेंच द्यावें लागे आणि जो दार उघडें टाकून जेवावयास जाई त्यालाही तेवढेंच. काटकसरीला जेथें बक्षीस नाहीं आणि उधळपट्टीला दंड नाहीं तेथें उपदेश व्यर्थ असतो. शेवटीं असें ठरलें कीं, प्रत्येक गाळ्यांत किती उष्णता काढून नेली हें मोजणारें मीटर बसवावें, आणि वांचलेल्या पैशांतून पहिलीं कांहीं वर्षें मालकांचा खर्च फेडावा. ठराव थोड्याच मतांनीं पास झाला.

परंतु मतें फिरलीं तीं मीटरानें नव्हेत, असें आम्हांस वाटतें. इमारतीच्या मधोमध उजेडासाठीं सोडलेला एक अरुंद चौक आहे. जुनीं यंत्रें पुरीं पडेनाशीं झाल्यावर एकेका गाळेधारकानें स्वतःचें लहान यंत्र घेतलें आणि त्याचें बाहेरचें अंग ह्या चौकांत टांगलें. अशीं डझनावारी यंत्रें तेथें गरम हवा ओकत असत. आणि त्या चौकाच्या तळाशींच लिफ्टवाले, शिपाई, पहारेकरी आणि झाडूवाल्या बाया दुपारचा डबा खात. सभेच्या मध्यंतरांत भाषांतरवाल्या बाई अध्यक्षांना म्हणाल्या, "दादा, एकवार खालीं चला." अध्यक्ष गेले, आणखी पांचसहाजण त्यांच्या मागोमाग गेले. वर परत आल्यावर कोणी फारसें बोललें नाहीं. ज्यांच्या वांट्यास आमचा गारवा येत नव्हता त्यांच्या वांट्यास आमची उष्णता मात्र नेमानें जात होती, हें त्या वेळीं अंगाला भाजून कळलें.

आतां ह्या गोष्टीला दोन उन्हाळे लोटले. नवीं यंत्रें जुन्यांहून लहान आहेत आणि पुरतात. चौकांतील लहान यंत्रें एकएक करून उतरलीं. तेथें आतां निदान उन्हाळ्याचीच हवा असते. वकीलसाहेब आणि भाषांतरवाल्या बाई अद्याप आमच्या शेजारीं आहेत. विजेचा आंकडा उतरला. तो येथें देत नाहीं, कारण एका इमारतीचा आंकडा दुसरीच्या अंगास बसत नाहीं, ज्याचा त्यानें मोजावा हेंच बरें. मामांच्या वह्या तपासनिसानें फार आदरानें चाळल्या, आणि नव्या यंत्रशाळेंत संगणक सर्व टिपून घेत असतांही मामांनीं आपली वही चालू ठेवली आहे.

तरी एक धोका उरतोच. पहिल्या उन्हाळ्यांतच एका सभासदानें सुचविलें कीं, वीज इतकी वांचते आहे तर मार्गिकाही थंड कराव्या आणि उष्णतामान आणखी दोन अंशांनीं खालीं आणावें! जेव्हन्स नांवाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें १८६५ सालीं कोळशाविषयीं लिहितांना हेंच सांगितलें होतें; एंजिन कमी कोळसा खाऊं लागलें कीं लोक कोळसा वांचवीत नाहींत, एंजिनें वाढवितात. म्हणून यंत्रांबरोबर थोडा संयमही बसवावा लागतो. आमच्या इमारतींत आतां २५ अंश आणि मंद पंखा असा नियम आहे, आणि उन्हाळ्यांत कोट-टायची सक्ति कोणत्याही कचेरींत नाहीं. जपानी सरकारनें २००५ पासून उन्हाळ्यांत कचेऱ्या २८ अंशांवर ठेवण्याचा आणि टाय सोडण्याचा प्रघात पाडला; विषुववृत्ताच्या त्यांच्याहून जवळ राहणाऱ्या आम्हीं गळ्याला फांस आवळून वर बर्फ मागावें, हें शोभत नाहीं. आपल्या सरकारनेंही १ जानेवारी २०२० पासून खोलीच्या नव्या यंत्रांचा मूळ आंकडा २४ अंश ठरविला आहे, आणि एक अंश वाढविल्यास सुमारें ६ टक्के वीज वांचते असें ऊर्जा दक्षता ब्यूरोचें म्हणणें आहे.

आमच्या नगरींत १९१५ पासून खोपोलीची वीज येऊं लागली, तेव्हां सह्याद्रीवर पडणारें पावसाचें पाणी आमच्यासाठीं राबूं लागलें. आज गरज त्या पाण्याच्या कितीतरी पुढें गेली आहे. देशांतील विजेचा मोठा भाग अद्याप कोळशांतून येतो. म्हणजे पंख्याची ती दोरी तुटलेली नाहीं. ती भिंतीच्या भोंकांतून निघून आतां शेंकडों कोस लांब गेली आहे, आणि तिच्या दुसऱ्या टोंकाला खाण आहे, राखेचे ढीग आहेत, त्या राखेशेजारीं राहणारीं गांवें आहेत. फरक इतकाच कीं, तेथील माणसाला डुलकी लागल्याचें आम्हांस आतां कळत नाहीं. २०१९ सालीं आपल्या सरकारनें गारव्याविषयीं एक वीस वर्षांचा आराखडा प्रसिद्ध केला. गारव्याची गरज ह्या काळांत अनेक पटींनीं वाढणार, हें त्यांत गृहीतच धरलें आहे. ती वाढावीही, ज्यांनीं आजवर केवळ दुसऱ्यांची उष्णता सोसली त्यांनाही गारवा मिळालाच पाहिजे. त्यांच्यासाठीं जागा करावयाची तर आमच्यासारख्या जुन्या, फुटक्या पखालींनीं प्रथम आपलीं भोंकें बुजविलीं पाहिजेत. ज्या वाचकांच्या इमारतींत नव्या यंत्रांचीं दरपत्रकें आलीं असतील त्यांनीं सही करण्यापूर्वीं एक दिवस चार वाजतां पश्चिमेच्या कांचेला हात लावून पाहावा, आणि मग जिना उतरून चौकांत जावें.